कपाटाची किल्ली

मोठ्या डॉक्टरांनी साहेबाचा कान उलटा केला, आतल्या घडीत दोन बोटं घातली आणि डोळे मिटून घेतले. कुत्रं तपासताना ते नेहमीच डोळे मिटत. बोटं कानाच्या मुळाशी फिरली, मानेखाली उतरली, काखेत गेली आणि पुढच्या पंजाच्या बेचक्यात येऊन थांबली.

“सापडली,” ते म्हणाले. “चिमटा द्या, डॉक्टर.”

छोट्या डॉक्टरने चिमटा दिला. याच पंजावरून तिने मिनिटभरापूर्वी हात फिरवला होता आणि तिच्या बोटांना काहीही लागलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी वाटाण्याएवढी फुगलेली गोचीड अलगद उपटली आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकली. साहेबाने हूं की चूं केलं नाही.

साहेब हा सात वर्षांचा तांबूस कुत्रा. त्याचे मालक कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क होते. तीस वर्षं साहेबांच्या शब्दासरशी उठबस केली, आता साहेब माझ्या शब्दासरशी उठतो-बसतो, असं ते भेटेल त्याला सांगत आणि “साहेब, खाली बसा” हा हुकूम दिवसातून दहा वेळा विनाकारण सोडत.

“ते मानेवर टाकायचे थेंब द्या, डॉक्टर,” हेडक्लार्क म्हणाले. “शेजारी महिन्याच्या महिन्याला टाकतात. त्यांच्या कुत्र्यावर गोचीड औषधालाही सापडत नाही.”

“देऊ की.” मोठे डॉक्टर छोट्या डॉक्टरकडे वळले. “वजन?”

“साडेबावीस किलो.”

“मग थेंबांची नळी कोणती?”

“वीस ते चाळीसवाली, सर.”

“परत कधी?”

“महिन्याने.”

प्रत्येक उत्तराला मोठे डॉक्टर मान हलवत होते आणि हेडक्लार्क शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्याच्या कौतुकाने दोघांकडे बघत होते. छोट्या डॉक्टरचे कान तापले. तिने नळी काढली.

“रात्री कोणाजवळ झोपतो हा?” मोठ्या डॉक्टरांनी साहेबाच्या पाठीवर हात ठेवून विचारलं.

“बाईसाहेबांजवळ.”

“वहिनींजवळ?”

“छे हो! आमच्या हिला अंथरुणाच्या आसपास कुत्रं चालत नाही. बाईसाहेब म्हणजे आमची मांजर. एकमेकांना चाटून चाटून लख्ख करतात रात्रभर.”

मोठ्या डॉक्टरांनी नुसतं वर पाहिलं. छोट्या डॉक्टरच्या हातातली नळी हातातच राहिली. ते थेंब कुत्र्याला चांगले, पण मांजराला विष, हे तिला झोपेतून उठवलं असतं तरी सांगता आलं असतं. फक्त विचारायला हवं होतं, ते तिने विचारलं नव्हतं.

“थेंब नकोत,” ती म्हणाली. “बाईसाहेबांनी ते चाटले तर झटके येतील, जीवही जाईल. गोळी देऊ, खाण्यातून. तिचा त्यांना त्रास नाही.”

“अरे बाप रे,” हेडक्लार्क म्हणाले. “बाईसाहेब गेल्या असत्या तर साहेबाने राजीनामाच दिला असता.”

हे असं होतं. ‘रात्री कोणाजवळ झोपतो’ हा प्रश्न मोठे डॉक्टर सहज विचारत आणि त्यातून कधी मांजर निघे, कधी रांगतं बाळ, कधी दमेकरी आजोबा. जंतांच्या गोळीपासून पिसवांच्या पट्ट्यापर्यंत कुठलंही औषध ते कुत्र्यापुरतं बघत नसत, अख्खं घर टेबलावर घेत. त्यांची बोटं तर तिला थक्क करत. पुस्तकात ज्याला सहा ओळी लागतात ते त्यांच्या अंगठ्याला एका चिमटीत कळत होतं. आठ महिन्यांपूर्वी ती सुवर्णपदक घेऊन इथे आली तेव्हा एवढ्याशा दवाखान्यात आपण शिकणार ते काय, असं तिच्या मनात होतं. आता तिला त्या विचाराची लाज वाटे. कॉलेजच्या पाच वर्षांत असा माणूस तिला एकही भेटला नव्हता.

पण पायात रुतलेला काटा होताच. भर लोकांत तिची परीक्षा घ्यायची ही त्यांची खोड. वजन किती, गोळी कोणती, किती दिवसांनी. रोज, प्रत्येक कुत्र्यामागे. “आई, मला पाढे म्हणायला उभं करतात गं,” ती फोनवर सांगायची. “म्हण की मग,” आई म्हणायची. “येतात ना तुला?”

दुसरी गोष्ट किल्लीची. रुजू झाली त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्या हातावर ठेवली होती. “ही तुमच्याकडे. मी मागितली तरी द्यायची नाही.” ती हसली होती, ते हसले नव्हते. सुवर्णपदक मिळवून आपण कोठीवाल्या झालो, असं तिला त्या रात्री वाटलं होतं. तसं पाहिलं तर नोकरी मिळाली हेच नवल. मुलाखतीत तिने त्यांचीच चूक काढली होती, तीही फटकन. बाहेर पडताना ‘बोंबललं सगळं’ असं ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली होती. दारातल्या मावशींनी ते ऐकलंही होतं.

या मावशी दवाखान्यात वीस वर्षं होत्या. कुत्री धरायच्या, टेबल पुसायच्या, आणि कुठलं कुत्रं चावरं आणि कुठला मालक, हे दोन्ही त्यांना पाठ होतं.

हेडक्लार्क गेले आणि शिंपीणबाई आल्या. त्यांच्या हातात चादरीचं गाठोडं होतं आणि गाठोड्यातून एक लांबोडकं काळं नाक बाहेर आलं होतं. नाकाची मालकीण चिंधी. कापडाच्या तुकड्यांच्या ढिगात झोपायची म्हणून चिंधी. अंगभर खरूज झाली होती. कोपरावरचे केस गेले होते आणि खाजवून खाजवून कानामागे रक्त आलं होतं.

“रात्रभर मशीन चालवल्यासारखी खाजवते,” शिंपीणबाई म्हणाल्या. “ना ती झोपते, ना मी. ते एक इंजेक्शन असतं ना खरजेचं? तेवढं टोचा. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आलेय.”

ते इंजेक्शन नेहमीचंच होतं. छोट्या डॉक्टरने चिंधीला काट्यावर ठेवलं, अकरा किलो. आणि या वेळी परीक्षा सुरू व्हायच्या आत कपाट उघडून, मापाने औषध भरून, सिरिंज ट्रेमध्ये ठेवूनही दिली. मोठे डॉक्टर चिंधीच्या अंगावरून डोळे मिटून हात फिरवत होते. खालपर्यंत आल्यावर त्यांनी डोळे उघडले. चिंधी सगळी काळी होती, पण चारही पाय चुन्यात बुडवल्यासारखे पांढरे.

त्यांनी एक पंजा तळहातावर घेतला आणि तसाच धरून ठेवला. बराच वेळ.

“पाय पांढरे आहेत,” ते म्हणाले.

“सासरी मलाही म्हणायचे पांढऱ्या पायाची,” शिंपीणबाई म्हणाल्या. “सासूबाई पंच्याण्णव वर्षं जगल्या.”

मावशी खुदकन हसल्या. मोठे डॉक्टर हसले नाहीत. ते छोट्या डॉक्टरकडे वळले.

“सांगा बघू, डॉक्टर. नाक लांब, पाय पांढरे. अशाला काय द्यायचं नसतं?”

आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिच्याकडे उत्तर नव्हतं. पायाचा रंग आणि औषध यांचा संबंध काय, हे तिला काही केल्या सुचेना. शिंपीणबाई बघत होत्या, मावशी बघत होत्या. दाराशी ससा घेऊन बसलेला एक माणूसही मान वाकडी करून बघत होता. आठ महिन्यांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

“तुम्हीच सांगा ना, सर,” ती म्हणाली. “रोज मलाच का विचारता? तुम्हाला ठाऊक आहे, तर सांगा.”

मोठ्या डॉक्टरांनी तोंड उघडलं, मिटलं. त्यांची नजर पंजावरून सिरिंजवर आली, सिरिंजवरून बंद कपाटाकडे गेली आणि परत पंजावर आली. रस्ता ओळखीचा असावा आणि घर मात्र सापडू नये, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग त्यांनी ट्रेमधली सिरिंज उचलली, बेसिनपाशी गेले आणि आतलं सगळं औषध नळाखाली सोडून दिलं.

“आज नको,” ते म्हणाले. “उद्या सकाळी या.”

“अहो, पण दुकान...”

“उद्या या, बाई. एक रात्र आणखी खाजवेल. खाजवू दे.”

शिंपीणबाई चादर गुंडाळताना पुटपुटत होत्या. असले डॉक्टर काय कामाचे, एवढं छोट्या डॉक्टरला स्पष्ट ऐकू आलं. मोठ्या डॉक्टरांनाही आलं असणार. त्यांनी हात धुतले, सशाला पाहिलं, सशाच्या माणसाशी गाजरांविषयी बोलले आणि एक वाजता नेहमीसारखे जेवायला घरी गेले. जाताना तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुपारी दवाखाना बंद होता. मावशी टेबल पुसत होत्या. एरवी दोन हातांत होणारं काम आज संपत नव्हतं.

“बोला, मावशी,” ती शेवटी म्हणाली. “बोलायचंय ना काहीतरी?”

“मी कशाला बोलू?” मावशींनी फडकं पिळलं. “शिकलेल्या माणसांत मी कोण?” मग फडकं टेबलावर आपटून त्या म्हणाल्या, “तुम्हाला खरंच वाटतं ते तुमची परीक्षा घेतात?”

“मग काय करतात?”

“विचारतात.”

छोट्या डॉक्टरला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि ती स्टुलावर बसली.

“दोन वर्षं होत आली,” मावशी म्हणाल्या. “आधी सगळं तोंडपाठ. झोपेत सांगायचे. मग आकडे निसटायला लागले, मग नावं. एकदा एका पिल्लाला जंताचं औषध देता देता थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, मावशी, हे किती देतो हो आपण? मी खोक्यावरचं वाचून दाखवलं. पिल्लू गेलं उड्या मारत. त्यानंतर त्यांनी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. मी मागितली तरी द्यायची नाही, म्हणाले. तीन आठवडे या दवाखान्यातून एक गोळी बाहेर गेली नाही. येईल त्याला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं. मग दिली जाहिरात.”

“घरी ठाऊक आहे?”

“घरी ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. आता तुम्हाला. बाहेर कळलं की संपलं. कोण आणेल कुत्रं? आणि हे घरी बसले, तर ते हात कुठे ठेवायचे त्यांनी?”

बाहेर कुठेतरी एक कुत्रं भुंकत होतं. छोट्या डॉक्टरचा हात आपोआप खिशातल्या किल्लीवर गेला.

“मुलाखतीला सहा जण आले होते,” मावशी फडकं वाळत घालता घालता म्हणाल्या. “मी दारातच होते. प्रत्येकाला ते म्हणाले, दहा किलोच्या कुत्र्याला मी चाळीस किलोवाली गोळी देतो. पाच जणांनी माना डोलावल्या. मोठे डॉक्टर म्हणतात म्हणजे असेल. तुम्ही म्हणालात...”

“सर, एवढ्याने कुत्रं आडवं होईल,” ती म्हणाली. “हे तुम्हाला कोणी शिकवलं, असंही म्हणाले मी.”

“म्हणालात खरं. तुम्ही गेल्यावर ते आत कितीतरी वेळ हसत होते. मला म्हणाले, मावशी, सापडली.”

“ते मुद्दाम चुकले होते?”

“ते मी विचारलं नाही,” मावशी म्हणाल्या. “तुम्हीही विचारू नका.”

मावशी गेल्यावर ती तशीच बसून राहिली. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता, कशाचा ते तिला सांगता आलं नसतं. लोक असं काही झालं की लपवतात. अंदाजाने रेटतात, चुकलं तर नशिबावर ढकलतात. या माणसाने आपल्याच हातातून किल्ली काढून घेतली होती. भर लोकांत रोज विचारून घेत होता, म्हणजे उत्तर चार कानांवर पडावं. आणि चुकलो तर तोंडावर ‘चुकलात’ म्हणणारं माणूस शोधून शेजारी उभं केलं होतं. आठ महिने आपण त्याला खोड म्हणत होतो.

मग ती एकदम उभी राहिली. ते परीक्षा घेत नव्हते. म्हणजे सकाळीही घेत नव्हते. अशाला काय द्यायचं नसतं, हे त्यांना खरोखर हवं होतं. म्हणजे त्याला उत्तर होतं.

तिने जाडजूड पुस्तक काढलं. उत्तर शोधायला पंधरा मिनिटं लागली, आणि सापडलं ते तिनेच कधीकाळी पिवळ्या शाईने रंगवलेल्या ओळीत. मेंढ्या राखणाऱ्या लांब नाकाच्या काही जातींत एक दोष असतो. खरजेचं ते नेहमीचं इंजेक्शन त्यांच्या थेट मेंदूपर्यंत पोचतं. कुत्रं झोकांड्या खातं, आंधळं होतं, पडतं ते उठत नाही. परीक्षेत तिला या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क होते. पण पुस्तकातल्या चित्रात झुपकेदार, ऐटबाज कुत्री होती. चिंध्यांत झोपणाऱ्या कुत्रीत ते रक्त असेल, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. पांढरे पाय ही त्याची खूण म्हणून पुस्तकात कुठेच नव्हती. ती त्यांची स्वतःची होती, चाळीस वर्षांच्या कुत्र्यांतून जमवलेली.

तिने पुस्तक मिटलं. भरलेली सिरिंज तिच्या डोळ्यांपुढून जाईना. टोचायला ती तयार होती. माप चोख होतं. मोठ्या डॉक्टरांच्या डोक्यातून उत्तर निसटलं होतं, पण प्रश्न शिल्लक होता, आणि उत्तर मिळेना तेव्हा त्यांनी ‘असले डॉक्टर काय कामाचे’ हे ऐकून घेतलं, पण अंदाज केला नाही.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई बरोबर नऊ वाजता हजर होत्या. डोळे तांबारलेले, चिंधी गाठोड्यात. मोठे डॉक्टर बेसिनपाशी हात धूत होते. धुऊन झाले होते, तरी धूत होते. ते काही विचारणार नाहीत, हे छोट्या डॉक्टरला त्यांच्या पाठीवरून कळलं.

ती टेबलापलीकडे उभी राहिली.

“सर, विचारा ना.”

“काय?”

“कालचा प्रश्न. मला काल आला नाही. पुन्हा विचारा.”

ते वळले. मावशी खाली बघून चिंधीचा कान कुरवाळायला लागल्या. मोठ्या डॉक्टरांनी हात पुसले, टेबलाशी आले, चिंधीचा पंजा तळहातावर घेतला.

“नाक लांब, पाय पांढरे,” ते हळू म्हणाले. “अशाला काय द्यायचं नसतं?”

“खरजेचं ते इंजेक्शन, सर. मेंढ्या राखणाऱ्या जातीचं रक्त असलं तर ते मेंदूत जातं. काल मी भरून ठेवलेलं हिने घेतलं असतं तर ही आज इथे नसती.” मग ती शिंपीणबाईंकडे वळली. “हिची आई कुठली?”

शिंपीणबाईंचा हात चिंधीच्या मानेवर घट्ट झाला होता. “मेंढ्यांच्या फार्मवरची,” त्या म्हणाल्या. “तिथूनच आणली मी पिल्लू असताना. बाप कोण ते तिच्या आईलाच ठाऊक.”

“बरोबर!” मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. हरवलेली वस्तू खिशातच सापडावी तसे ते हसले. “अगदी बरोबर. तेच ते. पांढरे पाय, हात मागे! मी म्हणायचो. मग हिला गोळी. अकरा किलो ना? आहे आपल्याकडे, वरच्या फळीवर...” बोलता बोलता ते कपाटापाशी गेलेही आणि त्यांनी मागे न बघता तळहात पुढे केला. “किल्ली.”

छोट्या डॉक्टरने खिशावर हात ठेवला.

“नाही, सर.”

शिंपीणबाई चमकून तिच्याकडे पाहू लागल्या. मोठ्या डॉक्टरांचा हात तसाच हवेत होता. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि हात हळूच मागे घेतला.

“शाबास,” ते म्हणाले.

तिने कपाट उघडलं. खोकं काढून वजन, गोळी आणि दिवस असं सगळं मोठ्याने वाचलं, एकदा नाही, दोनदा, आणि दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली तेव्हाच गोळी कागदावर ठेवली आणि कपाटाला पुन्हा कुलूप घातलं. गोळी खाण्यातून कशी द्यायची ते तिने शिंपीणबाईंना समजावलं. “आणि रात्री कोणाजवळ झोपते ही?” तिने विचारलं. मोठे डॉक्टर मिशीत हसले.

“माझ्याच पायाशी,” शिंपीणबाई म्हणाल्या.

त्या निघाल्या तेव्हा ती त्यांना दारापर्यंत पोचवायला गेली. शिंपीणबाईंनी गाठोडं छातीशी धरलं आणि मागे वळून आत पाहिलं. मोठे डॉक्टर पुढच्या कुत्र्याच्या कानात दोन बोटं घालून डोळे मिटून उभे होते.

“काल मी त्यांना नाही नाही ते बोलले,” त्या म्हणाल्या. “ठाऊक होतं त्यांना, तरी सांगितलं नाही. तुम्हाला शोधायला लावलं. असे गुरुजी मिळत नाहीत हो.”

“नाही मिळत,” छोटी डॉक्टर म्हणाली.

आतून हाक आली, “डॉक्टर, वजन?” आणि खिशातली किल्ली चाचपून ती आत गेली, काटा बघितला आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात आकडा सांगितला.